आले मास्तर, चला!

थंडी हा शब्द आम्ही अलिबागकर जरा जपूनच वापरतो. घरात नाशिकचे पाहुणे असतील तर मुळीच वापरत नाही. त्यांच्याकडे थंडी पडते. आमच्याकडे ती नुसती डोकावून जाते. डिसेंबरातल्या एखाद्या पहाटे अंगावर काटा आला की आम्ही लगबगीने कपाटातून स्वेटर काढतो, पण तो अंगात घालेपर्यंत उकडायला लागलेले असते. मग तो उन्हात घालतो आणि पुन्हा डांबराच्या गोळ्यांसह कपाटात ठेवतो. स्वेटरही बिचारा वर्षातून एकदा ऊन खायला मिळते म्हणून खूश असतो.

तरीही दिवाळीपासून होळीपर्यंत आमच्याकडे दोन गोष्टींचा मोसम असतो. एक पोपटीचा आणि दुसरा पायपिटीचा. पोपटी म्हणजे काय हे रायगड जिल्ह्यात सांगावे लागत नाही. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा आणि ज्याच्या त्याच्या धर्माप्रमाणे अंडी किंवा कोंबडी भरायची, मडके उपडे ठेवायचे आणि भोवती जाळ करायचा. पायपीट मात्र सांगावी लागते. कारण साठी उलटलेली पाच माणसे महिन्यातून एका रविवारी पहाटे उठून, चांगली गाडी असताना, ती रस्त्याच्या कडेला उभी करून रानात का चालत जातात, हे आमच्या घरच्यांनासुद्धा अजून समजलेले नाही.

आमचे रान ठरलेले. रेवदंड्याची खाडी ओलांडली की पलीकडे सुपेगाव आणि तिथून फणसाड. एके काळी हे जंजिऱ्याच्या नवाबाचे शिकारीचे जंगल. १९८६ मध्ये त्याचे अभयारण्य झाले. सगळे मिळून जेमतेम ५४ चौरस किलोमीटर. पण समुद्राच्या इतके जवळ इतके दाट रान आता राहिले आहे किती? ऐन, किंजळ, जांभूळ, अंजनी, आणि त्यांच्यावरून झोपाळ्यासारखे लोंबणारे गारंबीचे वेल. नशीब असेल तर डोक्यावरून एक तपकिरी शेपूट या झाडावरून त्या झाडावर जाते. ते शेकरू. नशीब नसेल तर औषधवाले म्हणतात, "आत्ताच गेलं, तुम्ही खाली बघत होता." मध्येच एखादी मोकळी जागा लागते आणि पश्चिमेला समुद्राची पांढुरकी पट्टी दिसते. रानातल्या पाणवठ्यांना इथे 'गाण' म्हणतात. फणसाडचे गाण, चिखलाचे गाण. ज्याने पाण्याला हे नाव दिले तो माणूस फार तहानलेला असला पाहिजे.

आता माणसांची ओळख. सर्वांत पुढे वकीलसाहेब. चाळीस वर्षे कोर्टात पुढच्या तारखा मागण्यात घालवल्यामुळे की काय, निवृत्तीनंतर त्यांना कोणासाठी दहा मिनिटे थांबवत नाही. त्यांच्या मागे ओव्हरसियर. हे प्रत्येक गोष्ट मोजतात. हल्ली मोबाइल पावले मोजतो, पण ओव्हरसियरांचा त्याच्यावर विश्वास नाही. ते स्वतः मोजतात आणि मोबाइलचे बरोबर आले की नाही ते तपासतात. मग औषधवाले. दुकान मुलाच्या हाती दिले, तरी निम्मे दुकान पाठीवरच्या पिशवीत असते. त्यांच्यासमोर शिंकण्याचीसुद्धा सोय नाही. त्यानंतर मी. जन्मभर एका कचेरीत हिशेब तपासले. मी मध्यमवर्गीय आहे आणि चालण्यातही माझा वर्ग तोच आहे. पुढच्यांचा हेवा आणि मागच्यांची कीव करत मी मधून चालतो.

आणि सर्वांच्या मागे मास्तर. वय ७२. पांढरी टोपी, खाकी पिशवी, आणि अशी चाल, की कासवालाही वाटावे, याला जरा हाक मारून पुढे जाऊ द्यावे.

इथे तो प्रश्न येतो, ज्यासाठी मी हे लिहायला बसलो. पाच माणसे एकत्र चालायला निघाली तर त्यांनी कोणाच्या वेगाने चालावे? हसू नका. वरवर हा प्रश्न बुटांच्या दुकानातला वाटतो, पण आहे तो थेट धर्माचा.

आम्ही तो आमच्या परीने सोडवला होता. वकीलसाहेबांनी पुढे व्हायचे, गाण आले की थांबायचे. मग आम्ही एकेक जण पोहोचायचो, दगडावर बसायचो, पाणी प्यायचो, पेरू कापायचो, तिखटमीठ लावायचो. राजकारणावर एक फेरी व्हायची. दहा-पंधरा मिनिटांनी वळणावर पांढरी टोपी दिसायची. ती दिसताच वकीलसाहेब पँट झाडत उठायचे आणि म्हणायचे, "आले मास्तर, चला!"

आणि आम्ही चालू लागायचो. मास्तरही चालू लागायचे. हातात पेरूची एक फोड असायची, ती ते चालता चालता खायचे.

सहा हिवाळे हे असे चालले. सहा हिवाळ्यांत एकालाही त्यात काही गैर वाटले नाही. उलट आपण किती समजूतदार, मास्तरांसाठी दर वेळी थांबतो, असेच आम्हाला वाटत होते. घरीसुद्धा मी हे दोन-तीनदा सांगितले होते. आपला चांगुलपणा घरी सांगावाच लागतो. घरच्यांना तो आपोआप दिसत नाही.

मास्तर मागे का पडतात, याबद्दल मात्र प्रत्येकाकडे एक सिद्धांत होता. वकीलसाहेबांच्या मते शिस्त नाही. औषधवाल्यांच्या मते कॅल्शियम नाही. ओव्हरसियरांच्या मते पाऊल आखूड पडते. माझ्या मते ते वाटेत फार रेंगाळतात. एकदा तर गारंबीची हातभर लांब शेंग फुटून पडली होती, तिच्यातली तळहाताएवढी चपटी बी घेऊन आले. म्हणाले, "ही ओढ्यातून समुद्रात जाते आणि तरंगत तरंगत परमुलखाला लागते." आम्ही ती बी बघितली, आणि अभयारण्यातून पानही उचलायचे नाही या नियमाप्रमाणे मास्तर ती परत ठेवायला निघाले. तेवढ्यात आणखी पाच मिनिटे गेली. वकीलसाहेबांनी घड्याळाकडे बघून असा उसासा टाकला, की ती बी तिथूनच समुद्रात जावी.

मागे पडणाऱ्याचे दोष सांगणे ही पुढे चालणाऱ्याची फार जुनी खोड आहे. पुरावा महाभारतात आहे. पांडव शेवटी हिमालयात निघाले, तेव्हा सर्वांच्या पुढे युधिष्ठिर होता. आधी द्रौपदी पडली, मग सहदेव, नकुल, अर्जुन आणि शेवटी भीम. दर वेळी भीमाने विचारले, ही का पडली? हा का पडला? आणि दर वेळी धर्मराजाने मागे न वळता कारण सांगितले. हिचा अर्जुनावर जास्त जीव होता. याला शहाणपणाचा गर्व होता. त्याला रूपाचा. भीम पडला तेव्हा त्यालाही सांगितले, की तू फार खात होतास. दमला असेल, थंडी वाजली असेल, बर्फात पाय घसरला असेल, हे कारण एकदाही नाही. मागे पडला म्हणजे पापच असले पाहिजे. नाहीतर पुढे गेलेल्याचे पुण्य कशावरून?

त्या प्रवासात धर्मराजाच्या सोबत शेवटपर्यंत एक कुत्रे होते, आणि त्याला घेतल्याशिवाय स्वर्गात येणार नाही, असे त्याने इंद्राला बजावले. आमच्या बरोबरही एकदा सुपेगावचे एक कुत्रे निघाले होते. ते वकीलसाहेबांपर्यंत धावत जायचे, पुन्हा मास्तरांपर्यंत मागे यायचे, पुन्हा पुढे. पण नाक्यावरच्या रक्षकाने, इंद्राप्रमाणेच, कुत्र्याला आत सोडायला नकार दिला. रानातल्या जनावरांसाठी ते योग्यच होते. आम्ही धर्मराजासारखा वाद घातला नाही. पावती फाडली आणि आत गेलो. तेव्हा लक्षात आले नाही, पण आमच्या टोळीत मागच्या माणसाकडे परत जाणारा तेवढा एकच जीव होता आणि तो आम्ही नाक्यावर ठेवून आलो.

मग एका हिवाळ्यात मास्तर यायचे बंद झाले. नोव्हेंबरात म्हणाले, पाहुणे येणार आहेत. डिसेंबरात म्हणाले, पोट ठीक नाही. जानेवारीत कारण सांगायलाही आले नाहीत. नातवाबरोबर निरोप पाठवला. खरे सांगतो, त्या तीन रविवारी आम्ही फार झपाट्याने चाललो. ओव्हरसियरांना तर उधाणच आले. त्यांनी आम्हाला नेस्मिथ ऐकवला. हा विल्यम नेस्मिथ नावाचा स्कॉटलंडचा गिर्यारोहक. त्याने १८९२ मध्ये चालण्याचा हिशेब मांडून ठेवला आहे. दर तीन मैलांना एक तास आणि वर दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. "आज आपण नेस्मिथच्या जवळजवळ बरोबरीने आलो!" ओव्हरसियर गाडीपाशी पोहोचून म्हणाले. अकरा वाजले होते. मग कोणी काही बोलेना. अकरा वाजता घरी जाऊन करायचे काय, हे नेस्मिथने लिहून ठेवलेले नाही.

त्याच आठवड्यात मी संध्याकाळी समुद्रावर गेलो होतो. ओहोटी होती. कुलाबा किल्ल्याकडे चालत जाणारी तुरळक माणसे दिसत होती. ओल्या वाळूवरून एक पांढरी टोपी झपाझप येत होती. झपाझप म्हणजे तिच्या मानाने. जवळ आली तेव्हा बघतो तर मास्तर. धोतराचा काचा मारलेला, चपला एका हातात, मनगटावरचे घड्याळ काढून दुसऱ्या हातात. श्वास लागलेला.

"काय मास्तर, पाहुणे गेले वाटतं?" मी विचारले. आमच्या बोलण्यात तिरकसपणा मिठासारखा असतो. न घालता येत नाही.

मास्तर शाळेतल्या पोरासारखे ओशाळले. म्हणाले, "अहो, पाहुणे कसले! जरा सराव करतोय. त्या खांबापासून या होडीपर्यंत आधी आठ मिनिटं लागायची. आता साडेसहावर आलोय. सहाच्या खाली आलो की येईन म्हणतो पुन्हा. तुम्हाला फार थांबावं लागतं हो माझ्यासाठी."

मी काही बोललो नाही. मास्तरांनी घड्याळ पुन्हा मनगटावर बांधले. बांधताना त्यांचा हात थरथरत होता. तो वयाने की श्रमाने, ते औषधवाल्यांना विचारायचे माझे धाडस झाले नाही.

त्या रात्री वकीलसाहेबांच्या ओटीवर आम्ही चौघे जमलो. मी सगळे सांगितले. वकीलसाहेब आधी गप्प झाले आणि मग, धंद्याच्या सवयीने, त्यांनी दुसरी बाजू मांडली. "हे पाहा, वाईट मलाही वाटतं. पण तत्त्वाचा प्रश्न आहे. एकासाठी चौघांनी का म्हणून हळू चालायचं? आणि मास्तर स्वाभिमानी माणूस. आपण मुद्दाम हळू चाललो तर त्यांना अपमान वाटायचा."

यात खोटे काही नव्हते. चांगला वकील खोटे बोलत नाही, तो खऱ्यातले सोयीचे निवडतो. मग उपाय निघू लागले. मास्तरांना सर्वांत पुढे ठेवावे, असे औषधवाले म्हणाले. पण तो प्रयोग मागे एकदा झाला होता. पाठीवर चौघांचे श्वास ऐकत मास्तर कसेबसे अर्धा तास चालले आणि म्हणाले, "पहिल्या बाकावर बसवलेल्या पोराला काय वाटतं ते आज कळलं." त्यांची पिशवी आपण घ्यावी, असे मी म्हणालो. तीही एकदा घेतली होती. तेव्हा ते इतके सुतकी चेहऱ्याने चालले, की पिशवी परत करावी लागली.

ओव्हरसियर एवढा वेळ काही बोलले नव्हते. ते खडूने फरशीवर काही लिहीत होते. त्यांच्या खिशात खडू का असतो हे विचारू नका. काही खाती निवृत्तीनंतरही सुटत नाहीत. लिहून झाल्यावर म्हणाले, "हे बघा. आपण तीन ठिकाणी थांबतो. दर वेळी सरासरी पंधरा मिनिटं. म्हणजे दिवसाची आपली विश्रांती पंचेचाळीस मिनिटं. सर पोहोचले की आपण उठतो. म्हणजे सरांची विश्रांती..." आणि त्यांनी फरशीवर एक मोठे शून्य काढले.

आम्ही त्या शून्याकडे बघत राहिलो. सर्वांत वयस्कर माणूस, सर्वांत दमणारा, तो सहा हिवाळे न बसता चालला होता. आणि थांबत होतो आम्ही!

ओव्हरसियर पुढे म्हणाले, आणि त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता, "मी सातवीत त्यांच्या वर्गात होतो. गणिताला. फळा भरला की पुसायच्या आधी ते डस्टर हातात धरून विचारायचे, 'शेवटच्या बाकाचं झालं का?' झालं नसेल तर थांबायचे. पुढची पोरं चुळबुळायची. सर खिडकीबाहेर बघत उभे राहायचे, म्हणजे आपल्यासाठी थांबलेत असं लिहिणाऱ्याला वाटू नये." ते थोडे थांबले. "शेवटच्या बाकावर मी असायचो."

मी जन्मभर हिशेब तपासले आहेत. एकच पावती दोन ठिकाणी लावली तर त्याला काय म्हणतात, ते मला ठाऊक आहे. आमचे थांबणे तसे होते. पाय दुखत होते म्हणून आम्ही बसत होतो आणि तेच बसणे मास्तरांच्या नावावर दया म्हणून खर्ची टाकत होतो. पायही विसावले आणि पुण्यही जमा झाले. आपण जगात ज्याला परोपकार म्हणतो, त्यातला किती भाग असा दुहेरी पावतीचा असतो, हे एकदा कोणीतरी तपासायला हवे. मी तपासणार नाही. मी निवृत्त झालो आहे.

शेवटी नियम ठरला, तो एका ओळीचा. विश्रांती शेवटचा माणूस बसल्यावर सुरू होते. त्याच्या आधी जे बसणे होते ते आपले खासगी.

नियम छोटा होता, पण पाळताना कळले की तो अवघड आहे. कारण एकदा दहा मिनिटे बसून झाल्यावर पुन्हा दहा मिनिटे बसायचे, तर राजकारण पुरत नाही. म्हणून एकेक जण आपोआप मागे रेंगाळू लागला. बसून कंटाळण्यापेक्षा चालत कंटाळलेले बरे. माझी पाळी आली तेव्हा मी मास्तरांबरोबर चाललो. हळू चालल्याने जास्त निसर्ग दिसतो, असे जे लिहितात त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. मला त्या दिवशी मुख्यतः मास्तरांच्या चपला दिसल्या. पहिला अर्धा तास माझ्या पायांना मुंग्या येत होत्या आणि मनात तोच जुना उसासा तयार होत होता. चांगुलपणा मनातून सहज उमलतो वगैरे असेल; माझ्या बाबतीत तो गुडघ्यातून, कुरकुरत आला. पण आला. आणि एकदा मास्तर सातवीतल्या ओव्हरसियरांच्या गोष्टी सांगू लागल्यावर तर मी वकीलसाहेबांना हाक मारून म्हटले, "अहो, जरा हळू चला, इथे मजा आहे!"

घरी पोहोचायला किती उशीर झाला ते ओव्हरसियरांनी मोजलेच. चाळीस मिनिटे. त्या चाळीस मिनिटांत आम्ही एरवी काय केले असते, यावर गाडीत चर्चा झाली. निष्कर्ष असा निघाला, की चौघेही आरामखुर्चीत झोपलो असतो.

ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून निघते. पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. नेस्मिथला हे काम दिले असते तर तो आठ-दहा दिवसांत पोहोचून देवळाच्या पायरीवर घड्याळ बघत बसला असता. पालखीला जवळजवळ तीन आठवडे लागतात. वाटेत विसावे आहेत, मुक्काम आहेत, म्हाताऱ्याकोताऱ्या आहेत. पण पालखी हळू चालते, असे म्हणताना मी कोणाला ऐकलेले नाही. ती एकादशीपर्यंत पोहोचते. सगळ्यांना घेऊन पोहोचणे हाच जिथे पोहोचण्याचा अर्थ, तिथे उशीर हा शब्दच लागू होत नाही.

धर्मराजालाही हे कळले, पण जरा उशिरा. स्वर्गात पोहोचल्यावर त्याने बघितले तर समोर दुर्योधन थाटात बसलेला आणि आपले एकही माणूस नाही. माझे लोक जिथे असतील तिथे मला न्या, म्हणाला. तेव्हा त्याला नरकात नेले. तिथे अंधारातून ओळखीचे आवाज आले, आणि मग मात्र तो म्हणाला, मी इथेच राहतो. हिमालयात एकदा मागे वळून बघितले असते तर एवढी मोठी फेरी पडली नसती.

या जानेवारीत माझ्या उजव्या गुडघ्याने राजीनामा द्यायची भाषा सुरू केली. मी निघालो खरा, पण चिखलाच्या गाणाच्या अलीकडेच मागे पडलो. पुढे वळणापलीकडे त्यांची बोलणी ऐकू येत होती, पेरूवर सुरी चालल्याचाही भास झाला. मी वळण घेतले. चौघे दगडांवर बसले होते. मला बघून वकीलसाहेबांनी तोंड उघडले आणि माझ्या पोटात खड्डा पडला, कारण पुढचे तीन शब्द मला पाठ होते.

"आले एकदाचे," वकीलसाहेब म्हणाले, आणि उठण्याऐवजी थोडे बाजूला सरकले. "बसा."

मास्तर खिडकीबाहेर बघावे तसे झाडांकडे बघत होते. तसेच बघत त्यांनी पेरूची अर्धी फोड माझ्या हातात दिली. मी ती, मास्तरांच्या हयातीत प्रथमच कोणी खाल्ली असेल तशी, बसून खाल्ली.